बंदी घातलेल्या पक्षाचे दप्तर

हैदराबाद स्टेट काँग्रेसचा जन्मदाखला शोधायला निघाले, की आधी हाताला लागतो तो तिच्यावरच्या बंदीचा हुकूम. 1938 च्या उन्हाळ्यात हंगामी समिती बनली, सभासद नोंदणी सुरू झाली आणि पहिली सर्वसाधारण सभा भरण्याआधीच, सप्टेंबरात, निजाम सरकारने पक्ष बेकायदा ठरवला. सर अकबर हैदरी तेव्हा संस्थानचे पंतप्रधान होते. सरकारचे म्हणणे असे, की ही संघटना जातीय आहे आणि तिची नाळ संस्थानाबाहेरच्या पक्षाशी बांधलेली आहे. ही बंदी उठली जुलै 1946 मध्ये. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात पक्षाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ पुन्हा तुरुंगात होते. म्हणजे 1938 ते 1948 या दहा वर्षांत पक्षाला उघडपणे कचेरी थाटून बसता आले ते जेमतेम वर्षभर.

अशा पक्षाचे दप्तर कुठे असेल? ज्याला इतिवृत्त लिहिले तर पुरावा होतो, सभासदांची यादी ठेवली तर पोलिसांची सोय होते आणि पावती फाडली तर देणाराही आत जातो, तो पक्ष कागद कसा जपणार? छत्रपती संभाजीनगरात दरवर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन होते, भाषणे होतात. त्या भाषणांतली माहिती मुळात आली कोणत्या कागदांवरून, हा प्रश्न तिथे सहसा कोणी विचारत नाही. विचारण्याजोगा मात्र आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचे, वस्ती 1941 साली दीड कोटीच्या वर. तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटक असे त्याचे तीन भाषिक तुकडे, आणि कारभार उर्दूत. जाहीर सभेला आगाऊ परवानगी लागे. ज्या परिपत्रकाने ती लागे ते ‘गश्ती निशान 53’ म्हणून जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी इतके बसले होते, की नुसते ‘त्रेपन्न’ म्हटले तरी पुरे. खाजगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही बंधने होती. राजकारण हा शब्द टाळून काम करायचे, तर वाचनालय, भाषा आणि शिक्षण एवढ्याच वाटा उरत. तेलंगणात आंध्र महासभा 1930 पासून त्या वाटेने चालत होती. मराठवाड्यात 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, अध्यक्ष गोविंदराव नानल. कर्नाटक परिषदही तशीच उभी राहिली. फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा अधिवेशनात अखिल भारतीय काँग्रेसने ठरवले, की संस्थानी प्रजेने आपापली संघटना उभी करून आपला लढा आपणच लढावा. त्यातून ही तीन भाषांची माणसे एका नावाखाली यायला निघाली, आणि नाव घेताच बंदी आली.

बंदीनंतर वाटाघाटी झाल्या त्यातला मोठा भाग पक्षाच्या नावावरच खर्च झाला. नाव बदला, ‘काँग्रेस’ हा शब्द काढा, असा सरकारचा आग्रह. आज वाचताना तो पोरकट वाटतो. पण नाव हे नात्याचे चिन्ह होते आणि दोन्ही बाजूंना ते पक्के ठाऊक होते.

आता दप्तराकडे. बंदी घातलेल्या पक्षाचे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात नीट लावलेले दप्तर असते पोलिसांकडे. हैदराबादेत तारनाका येथे राज्य अभिलेखागार आहे. आधी आंध्र प्रदेशचे, आता तेलंगणाचे. त्याचे मूळ निजामाच्या दफ्तर-ए-दिवाणीत. संस्थानच्या गृहखात्याच्या आणि राजकीय खात्याच्या मिसली, म्हणजे फायली, तिथे गेल्या. सभेत कोण काय बोलला, श्रोते किती होते, पत्रक कुठे चिकटवले होते, कोणाचे पत्र टपालात उघडले, हे सगळे त्यांत येते. जे पत्रक कार्यकर्त्याने रात्रीत वाटून उरलेल्या प्रती चुलीत घातल्या, ते पत्रक वाचायचे असेल तर जप्तीच्या मिसलीचाच आधार. पाळत ठेवणाऱ्याने बेड्या ठोकण्यासाठी जमवलेले कागद पुढे चळवळीच्या इतिहासाला कामी आले. त्या हवालदारांचे आभार कोणी मानत नाही, ते ठीकच. पण त्यांच्या कागदाशिवाय भागत नाही हे कबूल करायला हवे.

मात्र हे कागद वाचायचे कसे, याला शिस्त लागते. खबऱ्याला खबरीचे पैसे मिळतात, तेव्हा खबर नसली तरी ती बनते. अमिनाला, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराला, वरच्यांना दाखवायचे असते की हद्दीत शांतता आहे, म्हणून सभा लहान होते. तोच अमीन कुमक मागतो तेव्हा तीच सभा मोठी होते. नावे उर्दूत उतरताना बदलतात. मराठी आडनावांची तर पार दैना उडते, कारण उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. शिवाय पोलिसांच्या लेखी प्रत्येक गोष्टीमागे एक म्होरक्या लागतो. चार गावांतली माणसे आपापल्या कारणाने सरकारवर चिडली असतील, हे मिसलीच्या रकान्यात बसत नाही.

तारखांचेही असेच. संस्थानचा कारभार फसली सनाने चाले आणि वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदले. ऑक्टोबर ते डिसेंबरात फसली सनात 590 मिळवायचे, पुढच्या नऊ महिन्यांत 591, की इसवी सन मिळतो. बंदीचा सप्टेंबर 1938 पडतो फसली 1347 मध्ये. दीड महिन्याने, 24 ऑक्टोबरला, गोविंदराव नानलांच्या पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला, तो 1348 मध्ये. एकाच घडामोडीची दोन टोके दोन वेगळ्या सालांच्या बस्त्यांत! नवखा अभ्यासक एका बस्त्यात बंदी वाचतो, पुढचे काही सापडत नाही म्हणून निराश होतो, आणि शेजारचा बस्ता उघडतच नाही. पैशांच्या आकड्यांतही हाच घोळ. संस्थानचा रुपया हाली, इंग्रजी रुपया कलदार; साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. वर्गणीच्या यादीत नुसता ‘रु.’ लिहिला असेल, तर तो कोणता हे ठरवल्याखेरीज बेरीज करू नये. महिने आजुर, दय, बहमन असे इराणी नावांचे, अव्वल तालुकदार म्हणजे आपला कलेक्टर, मोहतमिम म्हणजे पोलीस अधीक्षक. एवढा शब्दसंग्रह आणि घसटत्या हाताची शिकस्त उर्दू वाचता येणारा मराठी तरुण आज शोधून किती सापडतील? मराठवाड्याच्या इतिहासाची खरी अडचण ही आहे. कागद नाहीत असे सांगणारे अनेकदा कागद वाचता येत नाहीत एवढेच सांगत असतात.

कागद प्रवासही करतात. छत्रपती संभाजीनगराला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, तो अनुभव जुना आहे. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातली दख्खनच्या मोगली कारभाराची दप्तरे इथल्या किल्ले अर्कमध्ये पडून होती. 1916 साली ती हैदराबादला नेली. दीड लाखांच्या आसपास ते कागद आज तारनाक्याला आहेत, आणि मोगल दख्खनचा अभ्यासक औरंगाबादचा इतिहास शोधायला हैदराबादची गाडी पकडतो. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची भाषावार फाळणी झाली तेव्हा उलटा प्रवास सुरू झाला. ज्या जिल्ह्याच्या मिसली त्या राज्याकडे, असे तत्त्व सोपे दिसते. पण तिन्ही भागांना मिळून असलेल्या राजकीय पक्षाची मिसल कोणत्या जिल्ह्याची? ती राजधानीतच राहिली. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख खात्याचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. जिल्हा पातळीवरच्या कारभारासाठी त्याचा उपयोग आहे, पण स्टेट काँग्रेसची मध्यवर्ती कहाणी तिथे बसून पुरी होत नाही.

हे दुखणे एकट्या मराठवाड्याचे नाही. मध्य आफ्रिकेत इंग्रजांनी 1953 साली दक्षिण ऱ्होडेशिया, उत्तर ऱ्होडेशिया आणि न्यासालँड हे तीन मुलूख जोडून एक संघराज्य बनवले. गोऱ्या वसाहतवाल्यांचा वरचष्मा राहावा हा त्यामागचा उघड हेतू. ते दहा वर्षे टिकले आणि 1963 च्या अखेरीस मोडले; त्यातून आजचे झिम्बाब्वे, झांबिया आणि मलावी निघाले. संघराज्याचे अभिलेखागार होते सॉल्सबरीत, म्हणजे आजच्या हरारेत. राज्ये तीन झाली आणि समाईक कागद एका जागी राहिले. हैदराबादेत 1956 साली झाले तेच.

तिथल्या पक्षांच्या नशिबीही बंदी होती. मार्च 1959 मध्ये न्यासालँडमध्ये आणीबाणी लावून न्यासालँड आफ्रिकन काँग्रेस बेकायदा ठरवली. त्याच वर्षी ती माणसे ‘मलावी काँग्रेस पार्टी’ या नव्या पाटीखाली उभी राहिली. चौकशीसाठी इंग्रजांनीच नेमलेल्या न्यायाधीश डेव्हलिन यांच्या आयोगाने न्यासालँड हे तात्पुरते का होईना पोलिसी राज्य झाले आहे, असा शेरा मारला. आयोगाकडून सरकारला सोयीचे उत्तर हवे होते. न्यायाधीशाने गैरसोयीचे दिले. उत्तर ऱ्होडेशियात केनेथ कौंडांच्या पक्षावरही त्याच मार्च महिन्यात बंदी आली आणि वर्षाच्या आत ‘युनिप’ नावाचा पक्ष उभा राहिला. नाव बदलून जगणे आपल्याकडेही चालले होते, फक्त पक्षापेक्षा वर्तमानपत्रात जास्त. आ. कृ. वाघमारे यांनी 1937 साली काढलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, की ते दुसऱ्या नावाने निघे. ग्रंथालयाच्या सूचीत ही वेगवेगळी पत्रे म्हणून नोंदली गेली, तर एकाच संपादकाचा एकच अखंड लेखनप्रवाह तुकड्यातुकड्यांत हरवतो.

झांबियाच्या कहाणीत पुढचा धडा आहे. स्वातंत्र्यानंतर युनिप सत्तेवर आली आणि 1973 पासून एकपक्षीय राजवट सुरू झाली. हॅरी न्कुम्बुला यांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, म्हणजे विरोधी पक्ष, संपली आणि तिचे कागद युनिपच्या मुख्यालयात जमा झाले. 1991 मध्ये युनिप निवडणूक हरली आणि त्या मुख्यालयाकडे कोणी फिरकेना. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने इतिहासकारांनी ते सगळे लावून त्यांची डिजिटल चित्रे घेतली, तेव्हा विस्मरणात गेलेला विरोधी पक्ष त्याच्या स्पर्धकाच्या तळघरातून बाहेर आला. साम्राज्याची स्वतःची दप्तरे तर त्याहून लांब गेली होती. वसाहती सोडताना अडचणीचे कागद जाळायचे किंवा लंडनला पाठवायचे, असा इंग्रजांचा शिरस्ता होता. केनियातल्या माऊ माऊ कैद्यांच्या खटल्यामुळे 2011 साली उघड झाले, की 37 वसाहतींच्या सुमारे 8,800 मिसली इंग्लंडमधल्या एका सरकारी आवारात लपवून ठेवल्या होत्या.

आपल्या बाजूचे कागद दिल्लीतही आहेत. तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात, ज्याला आता पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय म्हणतात, अखिल भारतीय काँग्रेस समितीचे आणि संस्थानी प्रजा परिषदेचे कागद आहेत. हैदराबादच्या कार्यकर्त्यांनी दिल्ली-वर्ध्याला पाठवलेले अहवाल, तक्रारी, मदतीच्या मागण्या त्यांत येतात. हे वाचताना वेगळी सावधगिरी लागते. पोलिसांच्या कागदात चळवळ जशी कटासारखी दिसते, तशी वरिष्ठांना लिहिलेल्या अहवालात ती अखंड आणि एकदिलाची दिसते. प्रत्यक्षात पक्षात दोन तट होते. एक रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांचा, लढ्याकडे झुकलेला. दुसरा बुर्गुला रामकृष्ण राव यांच्यासारख्या वकिली पेशातल्या मवाळांचा, वाटाघाटींवर भिस्त ठेवणारा. हे तट कळतात ते परस्परांविरुद्ध दिल्लीला गेलेल्या पत्रांतून. भांडणे फार मोलाची असतात. एकमताने पार पडलेल्या बैठकीतून इतिहासकाराला काही मिळत नाही.

आणि तिसरी जागा म्हणजे इथली, छत्रपती संभाजीनगरातली. गोविंदभाई औरंगाबादेत शिक्षक होते. नोव्हेंबर 1938 मध्ये इथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संप केला, तो उस्मानिया विद्यापीठात पसरला, मुले काढून टाकली गेली आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. ही चळवळ पोलिसांच्या मिसलीत एक आहे, विद्यापीठाच्या नोंदीत दुसरी, आणि त्या मुलांनी घरी लिहिलेल्या पत्रांत तिसरी. तिसरी सगळ्यात कमी उपलब्ध आहे. पुढे गोविंदभाईंच्या पुढाकाराने शहरात स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था उभी राहिली. स्वामीजींच्या इंग्रजी आठवणी 1967 साली आल्या, अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ 1987 साली. दोन्ही पुस्तके अजोड. पण दोन्ही लढलेल्या माणसांची आणि लढ्यानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली. माणूस आठवतो तेव्हा त्याला शेवट ठाऊक असतो. 1938 चे पत्र लिहिणाऱ्याला तो ठाऊक नव्हता. म्हणून पत्राची जागा आठवण घेऊ शकत नाही.

पक्ष कागदाशिवाय चालत होता असे मात्र समजू नये. 1947-48 मध्ये दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती होती आणि संस्थानच्या सीमेबाहेर ठिकठिकाणी सशस्त्र कॅम्प. 30 जानेवारी 1948 रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक कॅम्पवाल्यांनी लुटली. रक्कम वीस लाखांच्या आसपास. पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या कॅम्पात ती पोचली. दरोडा घालणारी माणसे पैसे मोजून लिहून ठेवत होती आणि पुढे त्या रकमेचा हिशोब सादर झाला, हे मला लुटीहून मोठे वाटते. जमाखर्च लिहिणारा पक्ष उद्या राज्य करायचे म्हणून लिहितो. कॅम्पांच्या वह्या, शस्त्रखरेदीच्या चिठ्ठ्या, निर्वासितांच्या याद्या हे सारे कागद होतेच. ते कोणा एकाच्या ताब्यात राहिले नाहीत. पक्ष सप्टेंबर 1948 नंतर मूळ काँग्रेसमध्ये मिसळला, कार्यकर्ते आमदार, वकील, संपादक, शेतकरी झाले आणि ट्रंका घराघरांत गेल्या.

काही गोष्टी तर कागदावर आल्याच नाहीत. निरोप पोचवणाऱ्या, भाकऱ्या बांधून देणाऱ्या, शस्त्रे लपवणाऱ्या बायांची नावे कोणत्या इतिवृत्तात असणार? धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके प्रत्यक्ष लढल्या म्हणून त्यांचे नाव राहिले. बाकीच्यांची ओळख लोकांच्या सांगण्यातच. आणि जिथे कागद नसतो तिथे बनावट कागद शिरतो. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन 1972 साली सुरू झाली. तुरुंगवास भोगलेल्याकडे तुरुंगाचा दाखला, भूमिगताकडे काय? दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकाची साक्ष. या फटीतून बीड जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे एवढे प्रकरण झाले, की न्यायमूर्ती पालकर आयोग बसला आणि वाद 2005 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॅम्पांचे हजेरीपट एका ठिकाणी सुरक्षित असते, तर खऱ्या म्हाताऱ्यांना खोट्यांच्या रांगेत उभे राहावे लागले नसते.

सोयीचे तेवढेच जपले तर दप्तराला अर्थ नाही. संस्थान भारतात आणणारी भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ 13 ते 17 सप्टेंबर 1948 अशी झाली. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार आपल्याकडे चांगले नोंदलेले आहेत, आणि नोंदायलाच हवेत. कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमान वस्तीवर जे गुदरले, त्याची पाहणी भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. कमीत कमी 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडही. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो सामान्य वाचकाच्या हाती येईपर्यंत 2013 उजाडले. निजामाने आपल्या विरोधकांचे कागद दडवले म्हणून रागावणाऱ्यांनी स्वतंत्र भारताच्या सरकारने दडवलेल्या या कागदाबद्दलही तितकेच रागवावे, असे मला वाटते.

आता घरातल्या ट्रंकांबद्दल. मराठवाड्याची कोरडी हवा कागदाला कोकणापेक्षा पुष्कळ मानवते, पण वाळवी आणि कसर हवा बघत नाहीत, आणि वाडा पाडून फ्लॅट उभारताना रद्दीवाला तर अजिबात बघत नाही. आजोबा स्टेट काँग्रेसमध्ये, आर्य समाजात, कम्युनिस्टांत किंवा मजलिसमध्ये असतील, कोणत्याही बाजूला असतील, तर त्यांच्या पेटीतली पत्रे, पावत्या, सायक्लोस्टाइल पत्रके, डायऱ्या, फोटो एकदा बाहेर काढा. उर्दू वाचता येत नाही म्हणून ते फालतू समजू नका. लॅमिनेशन करू नका. प्लास्टिक एकदा चिकटले की कागद सुटत नाही. टाचण्या आणि स्टेपल काढा, गंज कागद खातो. ज्या क्रमाने गठ्ठा बांधला होता तो क्रम मोडू नका आणि कागद कोणाचे, कुठून आले हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. मग संशोधन संस्था, पुराभिलेख कार्यालय किंवा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा इतिहास विभाग, जे जवळ असेल तिथे दाखवा. मूळ कागद द्यायचा नसेल तर मोबाइलवर त्याचे स्वच्छ उजेडात फोटो काढू द्या. आणि घरात नव्वदीच्या पुढचे कोणी असेल, तर त्यांच्यासमोर हे कागद ठेवून त्यातली अक्षरे कोणाची आहेत, एवढे या महिन्यातच विचारून घ्या.